आत्मा अमर असेल तर देह परत कशाला? (प्लेटो आणि सुरुवातीचे ख्रिस्ती विचारवंत)

रानजाई

आमच्या वाचनगटात सध्या प्लेटोचा 'फीडो' चालू आहे. सॉक्रेटिसचा शेवटचा दिवस, इ.स.पू. ३९९. विषाचा पेला यायचाय आणि हा गृहस्थ मित्रांना पटवून देतोय की तत्त्वज्ञान म्हणजे मरणाचा सराव. देहाची कटकट सुटली की आत्मा मोकळा. क्रायटो बिचारा व्यवहारी माणूस. तो विचारतो, तुला पुरायचं कसं? सॉक्रेटिस म्हणतो, हवं तसं पुरा, आधी मला पकडून तर दाखवा!

गटातल्या एका काकांनी तिथल्या तिथे निकाल लावला, "ख्रिस्ती धर्मातला आत्मा म्हणजे हाच. प्लेटोच्या गळ्यात क्रूस घातला की झालं." वाक्य चटपटीत आहे, पण मला पचेना. प्रेषितांच्या मतांगीकारात, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या जुन्या छोट्या जाहीरनाम्यात, आत्म्याच्या अमरत्वाचं नावच नाही. तिथे आहे 'देहाचे पुनरुत्थान', म्हणजे मेलेले शेवटच्या दिवशी देहासकट पुन्हा उठतील. आत्मा मुळातच अमर असेल आणि देहाबाहेर सुखात असेल, तर शेवटच्या दिवशी तो देह पुन्हा हवा कशाला? आणि देह हवाच असेल तर त्यात प्लेटोचं काय उरलं?

पहिल्या चारेकशे वर्षांपुरतंच बोलू. आजचं चर्च, धर्मांतर वगैरेंकडे गाडी नेऊ नका, ही विनंती.

ताकभात

रुमाल टाकून ठेवतोय. शेवटच्या ओळीतली विनंती दुसऱ्या पानापर्यंत टिकली तर रानजाईंना माझ्याकडून पुरणपोळी.

उंबरठा

काकांचं वाक्य जस्टिनला ऐकवलं असतं तर त्याने त्यांना तासभर बसवून घेतलं असतं. दुसऱ्या शतकातला हा माणूस, ख्रिस्ती झाल्यावरही तत्त्वज्ञाचा झगा अंगावरून न काढणारा. 'ट्रायफोशी संवाद'मध्ये तो स्वतःची गुरुशोधाची हकिगत सांगतो. स्टोइक पंथाच्या गुरूला देवाबद्दल काही सांगताच येईना. ॲरिस्टॉटलच्या पंथातल्याने थोड्याच दिवसांत फीचा विषय काढला. पायथागोरसवाला म्हणाला, आधी संगीत, खगोल आणि भूमिती शिकून ये. शेवटी प्लेटोवादी भेटला आणि स्वारी खूश झाली.

मग समुद्राजवळच्या निवांत जागी त्याला एक म्हातारा भेटतो आणि त्या खुशीची हवाच काढून घेतो. आत्मा स्वतःच्या बळावर अमर असेल तर तो अजन्मा ठरला, म्हणजे देवाच्या पंक्तीला बसला! तसं नाही, म्हातारा म्हणतो. आत्मा जगतो तो देव त्याला जगवतो म्हणून. याच पुस्तकात पुढे जस्टिन स्पष्ट बजावतो की पुनरुत्थान नाही आणि मेल्याबरोबर आत्मे स्वर्गात जातात, असं म्हणणाऱ्यांना ख्रिस्ती समजू नका. (आज हे कुठल्याही अंत्यविधीला मोठ्याने वाचून बघा.) ल्योंचा (आजच्या फ्रान्समधला) बिशप इरेनियसही इ.स. १८०च्या सुमारास तेच म्हणतो. आत्मा म्हणजे जीवन नव्हे, देवाने दिलेल्या जीवनात त्याला वाटा मिळतो इतकंच.

ख्रिस्ताचा संदेश घेऊन फिरणाऱ्या पौलाचं बघा. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये'च्या १७व्या अध्यायात तो अथेन्समध्ये बोलतोय. समोर एपिक्युरसवाले आणि स्टोइक आहेत. एक देव, त्याने जग निर्माण केलं, इथपर्यंत मंडळी ऐकून घेतात. मेलेल्यांचं पुनरुत्थान म्हटल्याबरोबर काही जण चक्क हसतात. 'आत्मा अमर आहे' एवढंच सांगायचं असतं तर निदान प्लेटो वाचलेल्या अथेन्सकराला त्यात हसण्यासारखं काय होतं?

निमशहरी

यात नवीन ते काय? 'वासांसि जीर्णानि' आपल्याकडे केव्हाच सांगून झालंय. कठोपनिषदात शरीर रथ आणि आत्मा रथी, प्लेटोच्या 'फीड्रस'मध्येही रथ आणि घोडे. कोणी कोणाकडून घेतलं हे उघड आहे.

कडकलक्ष्मी

आला, रथ आला! घोडे मोजायला घ्या.

रानजाई

निमशहरी, रथाचं साम्य आहेच, पण त्यावरून उसनवारी सिद्ध होत नाही. आणि कपड्यांचा दृष्टान्त 'फीडो'तही आहे, फक्त तो सॉक्रेटिसच्या विरुद्ध वापरलाय! तिथे बसलेला सीबिस म्हणतो, विणकर आयुष्यात कितीतरी झगे विणतो, वापरतो, झिजवतो. तो झग्यांपेक्षा जास्त टिकतो हे कबूल. पण शेवटचा झगा त्याच्या मागे उरतोच ना? तसा आत्माही अनेक देह झिजवून एका देहात कायमचा संपत नसेल कशावरून? हे ऐकून तिथल्या सगळ्यांचे चेहरे पडतात. गीता वाचलेल्या माणसाने हे पान जरूर वाचावं.

तिसरी घंटा

उंबरठा यांचा प्रतिसाद आवडला, तरी 'ग्रीक म्हणजे आत्मा, हिब्रू म्हणजे देह' ही वाटणी मला जरा जास्तच सोयीची वाटते. ती लोकप्रिय होण्यात ऑस्कर कुलमान यांच्या १९५५च्या हार्वर्डमधल्या व्याख्यानाचा मोठा हात आहे. शांतपणे विष पिणारा सॉक्रेटिस एकीकडे, गेथशेमाने बागेत मृत्यूच्या विचाराने व्याकुळ झालेला येशू दुसरीकडे. चित्र जबरदस्त आहे, पण इतिहास इतका सरळ नाही.

शलमोनाच्या नावावर असलेला ज्ञानग्रंथ घ्या. लेखक यहुदी, भाषा ग्रीक. 'नीतिमानांचे आत्मे देवाच्या हाती आहेत' हे त्यात आहे आणि नाशवंत देह आत्म्याला जड होतो हेही आहे. हे तर थेट प्लेटोच्या घरचं. मक्काबींचं दुसरं पुस्तक घ्या, तेही ग्रीकमध्येच. धर्म सोडत नाहीत म्हणून सात भावांचा छळ चाललाय. तिसरा भाऊ जीभ बाहेर काढतो, हात पुढे करतो आणि म्हणतो, हे स्वर्गातून मिळाले, तिथूनच परत मिळतील. इथे अक्षरशः हातापायांचं पुनरुत्थान. म्हणजे पौल जन्माला यायच्या आधीच यहुद्यांच्या घरात दोन्ही बिऱ्हाडं नांदत होती. शिवाय सदूकी हा यहुदी पंथ होताच, त्यांना पुनरुत्थानच मान्य नव्हतं.

ग्रीकांचंही एकमत कुठे होतं? एपिक्युरसच्या मते आत्मा अणूंचा, मेला की विखुरला. स्टोइकांच्या मते आत्मा म्हणजे उष्ण श्वास, पक्का भौतिक. सगळे ग्रीक प्लेटोवादी होते असं धरून चाललो तर पुढचे ख्रिस्ती लेखक कळणारच नाहीत.

कडकलक्ष्मी

तिसरी घंटा यांनी माझ्यासाठी दार उघडूनच दिलं. स्टोइक म्हटलं की माझा लाडका भांडकुदळ टर्टुलियन!

कार्थेजचा हा लेखक. 'अथेन्सचा यरुशलेमशी संबंध काय?' असं गरजणारा हाच. आणि इ.स. २१०च्या आसपास आत्म्यावर पुस्तक लिहायला बसला तेव्हा माहिती कुठून काढली? सोरेनस नावाच्या ग्रीक वैद्याकडून आणि स्टोइकांकडून. रोमन स्टोइक सेनेकाला तर 'बऱ्याचदा आपलाच' म्हणून मोकळा होतो. प्लेटोवर मात्र डूख धरून आहे. म्हणतो, प्लेटो सगळ्या पाखंड्यांना मसाला पुरवणारा झालाय याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्याच्या मते आत्मा हासुद्धा एक प्रकारचा देहच. पुरावा स्टोइक क्लिअँथिसचा: लाज वाटली की चेहरा लाल होतो, भीती वाटली की पांढरा पडतो. आत्मा अगदीच अशरीरी असता तर त्याच्या लाजेचा गालाला पत्ता कसा लागला असता? आणि हेही पुरेना म्हणून तो स्वतःच्या मंडळीतल्या एका बाईची गोष्ट सांगतो. रविवारच्या उपासनेत तिला दर्शनं व्हायची. लोक पांगले की ती काय दिसलं ते सांगायची आणि ते नीट तपासलं जायचं. एकदा तिला आत्मा दिसला: मऊ, उजळ, हवेच्या रंगाचा आणि आकाराने माणसासारखा. टर्टुलियनला केवढा आनंद! तो ही साक्ष पुराव्यात दाखल करून घेतो.

रानजाईंच्या 'देह कशाला?' या प्रश्नाला त्याचं उत्तर देहाच्या पुनरुत्थानावरच्या पुस्तकात आहे. देह ही तारणाची बिजागरी. पाणी देहावर पडतं तेव्हा आत्मा धुतला जातो, तेल देहाला लागतं तेव्हा आत्मा पवित्र होतो. उपास देहाने केले, मार देहाने खाल्ला, आणि बक्षीस एकट्या आत्म्याला? त्याच्यातल्या वकिलाला हे सहनच होत नाही.

ताकभात

मसाला पुरवणारा प्लेटो! आमच्या किराणावाल्याला नवीन पाटी सुचवतो.

साळसूद

एकाला हवेच्या रंगाचा आत्मा दिसला, दुसऱ्याला आणखी कसला. यापेक्षा रोमन कवी लुक्रेशियस बरा: आपण आहोत तेव्हा मरण नाही, मरण आहे तेव्हा आपण नाही. विषय संपला.

उंबरठा

ते वाक्य मूळ एपिक्युरसचं. आणि विषय संपला म्हणता तरी धाग्यावर आहात, स्वागत आहे. (दिवा घ्या.)

तसं तुमच्या बाजूने बोलणारे तेव्हाही होते. दुसऱ्या शतकातल्या सेल्सस या ख्रिस्तीविरोधी लेखकाने याच मुद्द्यावर टोमणा मारला होता. ही किड्यांना शोभणारी आशा आहे, सडलेल्या देहाची हौस कुठल्या मानवी आत्म्याला असेल? ओरिजेन या ख्रिस्ती विचारवंताने त्याला उत्तर दिलं म्हणूनच सेल्ससचे शब्द आज आपल्या हाती आहेत. गंमत अशी की सेल्सस हे बोलतोय ते प्लेटोच्या बाजूने.

गासकर

मी वसईचा, कॅथलिक. इतका वेळ नुसता वाचत होतो.

इ.स. १७७ मध्ये ल्योंला ख्रिस्ती लोकांचा छळ झाला. तिथल्या मंडळींचं पत्र चर्चचा इतिहास लिहिणाऱ्या युसेबियसने आपल्या ग्रंथात उतरवून ठेवलंय. हुतात्म्यांची प्रेतं सहा दिवस उघड्यावर टाकली, मग जाळली आणि राख ऱ्होन नदीत सोडली. कारण? यांना पुनरुत्थानाची आशा राहू नये म्हणून. छळणाऱ्यांनाही पक्कं ठाऊक होतं की या लोकांचा जीव कशात अडकलाय. नुसत्या अमर आत्म्यावर भिस्त असती तर राख नदीत सोडून त्यांना काय साधायचं होतं?

पण म्हणून ख्रिस्ती लोक अग्नीला घाबरत होते असंही नाही. ख्रिस्ती लेखक मिनुकियस फेलिक्सच्या संवादात उत्तर आहे की कसंही नष्ट झालात तरी देवाला अडचण नाही, आम्ही पुरतो ते जुनी आणि चांगली चाल म्हणून. आमच्याकडे दहनाला १८८६ मध्ये बंदी आली आणि १९६३ मध्ये ती सैल झाली. २०१६ मध्ये पुन्हा सांगितलं की दहन चालेल, पण राख उधळायची नाही, पवित्र जागी ठेवायची. मुंबईत जागेची टंचाई. काही वर्षांनी कबर उघडून अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात हलवतात. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही तिथे फुलं आणि मेणबत्त्या लावतो. आमच्या आजीला विचारलंत तर ती 'आत्म्यासाठी' म्हणेल, पण हात फिरवते त्या दगडावरूनच.

रानजाई

गासकर, प्रतिसाद साठवून ठेवला. तुमचा पहिला परिच्छेद तसाच्या तसा काकांना वाचून दाखवणार आहे.

चष्मिष्ट

दोन शंका. एक, माणसाला वाघाने खाल्लं किंवा माणसानेच माणसाला खाल्लं तर ते मांस शेवटच्या दिवशी कोणाचं? दोन, या सगळ्यात ॲरिस्टॉटल कुठे गेला? त्याच्या मते आत्मा म्हणजे जिवंत देहाचं असणंच. कुऱ्हाड सजीव असती तर तिचं कुऱ्हाडपण हाच तिचा आत्मा. डोळा आणि दृष्टी वेगळी काढता येत नाही, तसंच हे. देहाचं पुनरुत्थान मानणाऱ्यांना हा तर आयता सापडला होता!

उंबरठा

पहिली शंका जुनी आहे आणि तेव्हाचे लोक तिच्याशी गंभीरपणे झुंजलेत. अथेनागोरस या ख्रिस्ती लेखकाच्या नावावरच्या पुनरुत्थानविषयक पुस्तकात युक्तिवाद असा की माणसाचं मांस हे माणसाचं नैसर्गिक अन्नच नव्हे, त्यामुळे ते खाणाऱ्याच्या अंगी लागतच नाही. पाचव्या शतकाच्या सुरुवातीचा बिशप ऑगस्टीन म्हणतो, ज्याचं मूळचं होतं त्याला परत. दुसऱ्याने ते उसनं घेतलं होतं असं समजा. कापलेली नखं आणि केस परत मिळणार का, हेही तो 'देवाचे नगर' या आपल्या ग्रंथाच्या २२व्या भागात घेतो. उत्तर असं की द्रव्य वाया जाणार नाही, पण वाढलेल्या नखांचा ढीग बोटांवर चढणार नाही. मूर्तिकार पुतळा वितळवून पुन्हा ओततो तेव्हा कुठलं द्रव्य कुठे गेलं याला महत्त्व नसतं.

ओरिजेनला (मृत्यू सुमारे २५३) हा हिशेबच पोरकट वाटायचा. देह म्हणजे नदी, त्यातलं द्रव्य रोज बदलतंय. टिकते ती घडण, जिच्यावरून माणूस ओळखू येतो. पौलाचा बियाण्याचा दृष्टान्त (पेरतो ते बी, उगवतं ते वेगळंच रूप) त्याने असा लावला. पण आत्मे देहाच्या आधीपासून होते, हेही तो सुचवून बसला आणि प्लेटो घरात घेतल्याचा ठपका त्याच्यावर आला. ५४३ मध्ये सम्राट जस्टिनियनने त्याच्याविरुद्ध आज्ञापत्र काढलं. त्यातला एक धिक्कार तर 'पुनरुत्थानात देह गोल असतील' असं म्हणणाऱ्यांवर आहे!

ताकभात

गोल?? मग माझी अर्धी तयारी झालेली आहे.

तिसरी घंटा

ओरिजेन असं खरंच म्हणाला होता का, याबद्दल बऱ्याच अभ्यासकांना शंका आहे. गोलाचं कौतुक प्लेटोच्या 'टिमीअस'मध्ये मात्र आहे. सगळ्यात परिपूर्ण आकार तोच आणि आपलं डोकं त्याची नक्कल.

चष्मिष्ट, ॲरिस्टॉटलची अडचण तुमच्याच उदाहरणात आहे. कुऱ्हाड मोडली की कुऱ्हाडपण संपलं. मग मरण आणि पुनरुत्थान यांच्या मधल्या काळात माणूस कुठे असतो? म्हणून त्या काळात बहुतेकांनी त्याला लांबच ठेवलं. त्याचा खरा मान तेराव्या शतकात, थॉमस अक्वायनसच्या हातून. पण ते आपल्या हद्दीबाहेर.

चौथ्या शतकाच्या अखेरीचा नेमेसियस तुम्हाला आवडेल. सीरियातल्या एमेसाचा, म्हणजे आजच्या होम्सचा बिशप, पण प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेन कोळून प्यालेला. मेंदूच्या पुढच्या पोकळीत कल्पना, मधल्या पोकळीत विचार, मागच्या भागात स्मृती, अशी वाटणी करतो. पुरावा जखमांचा: पुढच्या भागाला इजा झाली तर संवेदना बिघडतात पण विचार शाबूत राहतो. आणि तरी आत्मा मेंदूत 'ठेवलेला' नाही, असंही म्हणतो. देहाशी तो पूर्ण जोडलेला, तरी त्यात विरघळलेला नाही.

कडकलक्ष्मी

मंडळी, धागा एवढा लांबला आणि अजून माक्रिनाचं नाव कोणी घेतलं नाही! ख्रिस्ती 'फीडो' जर कुठला असेल तर तो निस्साच्या ग्रेगरीचा 'आत्मा आणि पुनरुत्थान'.

भाऊ बेसिल वारलाय. धाकटा ग्रेगरी दुःख घेऊन थोरल्या बहिणीकडे, माक्रिनाकडे येतो, तर तीच मरणपंथाला लागलेली. जमिनीवर फळी, त्यावर गोणपाट, उशाला दुसरी फळी. आणि ही बाई भावाला समजावतेय. सॉक्रेटिसची जागा तिची. ग्रेगरीच्या वाट्याला शंकेखोराचं काम, आणि तो ते मनापासून करतो. देहाचे कण मातीत मिसळल्यावर आत्मा ते ओळखणार कसे? ती म्हणते, रंग कालवणाऱ्या चित्रकाराला प्रत्येक रंग माहीत असतो, मिश्रणातून ते पुन्हा वेगळे झाले तरी तो चुकत नाही. फुटक्या भांड्यांची खापरं एकात एक मिसळली तरी मालकाला आपलं भांडं कळतं. पुनर्जन्माची कल्पना ती खोडून काढते, पण आत्मा देहाहून वेगळा, बुद्धिमय, हे प्लेटोचं सरळ ठेवून घेते.

आणि नंतर ग्रेगरीने लिहिलेलं तिचं चरित्र वाचा. तरुणपणी तिच्या छातीवर गाठ आली होती. वैद्याला अंग दाखवायला ती तयार नव्हती. रात्रभर प्रार्थना केली, आईला क्रुसाची खूण करायला लावली आणि गाठ गेली. ती वारल्यावर प्रेत सजवताना तिथली एक बाई दिवा जवळ धरते आणि ग्रेगरीला तो व्रण दाखवते, सुईने टोचल्याएवढा. ज्या भावाने आत्म्याच्या अशरीरीपणावर पानंच्या पानं लिहिली, तो त्या ठिपक्याशी थांबतो. माझ्या मते रानजाईंच्या प्रश्नाचं उत्तर त्या दोन पुस्तकांच्या मधे कुठेतरी आहे.

साळसूद

हा प्रतिसाद आवडला. (हो, मीच म्हणतोय.) पण मग देहाची एवढी घृणा, उपास, वाळवंटातले संन्यासी, हे सगळं आलं कुठून? पौलच 'देहाची कर्मे' म्हणून शिव्या घालतो ना?

उंबरठा

गलतीकरांच्या पत्रातली ती यादी नीट वाचा. व्यभिचार आणि दारूबाजी आहे, पण मूर्तिपूजा, हेवा, भांडणं, तट पाडणं हेही त्यातच आहे. ऑगस्टीनने नेमकं यावर बोट ठेवलंय: हेवा करायला देह कुठे लागतो? सैतानाला देह नाही, तरी हेवा आणि गर्व त्याच्याइतका कोणाकडे आहे? त्याचा निष्कर्ष असा की नाशवंत देहाने आत्म्याला पापी केलं नाही, पापी आत्म्याने देहाला नाशवंत केलं. आता हाच ऑगस्टीन कामवासनेबद्दल काय काय म्हणतो तो वेगळा धागा होईल, त्यात मी त्याची बाजू घेणार नाही.

तिसरी घंटा

आता मूळ प्रश्नाकडे, कारण ऑगस्टीनने तो जवळपास रानजाईंच्याच शब्दांत घेतलाय. त्याच्यासमोर प्लेटोवादी प्लॉटिनसचा शिष्य पॉर्फिरी आहे, जो सांगतो की प्रत्येक देहापासून पळा. (प्लॉटिनसबद्दल पॉर्फिरीच लिहितो की आपण देहात आहोत याचीच त्याला लाज वाटत असावी, चित्रकारापुढे बसायलासुद्धा तो तयार नसायचा.) ऑगस्टीनने तरुणपणी, मिलानमध्ये, याच लोकांची पुस्तकं वाचून डोळे उघडल्याचं कबूल केलंय. म्हातारपणी तो काय करतो? त्यांनाच एकमेकांसमोर बसवतो. प्लेटो म्हणतो, आत्मे देहात परत येतात. पॉर्फिरी म्हणतो, शुद्ध झालेला आत्मा दुःखात परत येत नाही. दोघांनी आपापलं अर्धं एकमेकांना दिलं असतं तर? आत्मा देहात परत येईल, पण दुःख नसलेल्या देहात. वर रोमन पंडित व्हारोची भर घाला, की तोच आत्मा त्याच देहात परत येतो. झालं की पुनरुत्थान! मला हे चातुर्य भयंकर आवडतं, पटत मात्र नाही. तिघांच्या पानांतून वाक्यं उचलून त्यांनी कधीच न मांडलेलं मत तयार केलंय.

'कशाला?'चं त्याचं सरळ उत्तर बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पुस्तकावरच्या त्याच्या टीकेत आहे. देह चालवण्याची ओढ आत्म्याच्या स्वभावातच आहे. ती पुरी होईपर्यंत त्याचं सगळं लक्ष देवाकडे लागत नाही, मागे ओढ राहते. म्हणजे आत्मा देहाबाहेर सुखात असेल, पण पूर्ण सुखात नाही. प्लेटोचं घेतलं ते आत्म्याचं वर्णन, नाकारलं ते सुटकेचं गणित.

रानजाई

'आत्म्याचं वर्णन घेतलं, सुटकेचं गणित नाकारलं' हे मला जमण्यासारखं वाटतंय. पण टर्टुलियनचं उत्तर न्यायाचं आहे, ऑगस्टीनचं ओढीचं. ही दोन एक नव्हेत. न्यायापुरताच देह हवा असेल तर निकाल लागल्यावर पुढे त्याचं काम काय?

चष्मिष्ट

आणि तुम्ही सगळे ग्रीक-लॅटिनमध्येच फिरताय. पूर्वेकडे बघा. इराणी साम्राज्यातला अफ्राहात चौथ्या शतकात सिरियाक भाषेत लिहितोय. त्याच्या मते मेल्यावर आत्मा देहाबरोबर झोपतो आणि पुनरुत्थानालाच जागा होतो. निसिबिसचा एफ्रेम (मृत्यू ३७३) नंदनवनावरच्या स्तोत्रांत सांगतो की देहाशिवाय आत्म्याला ना पाहता येतं ना ऐकता येतं, म्हणून तो आत न जाता कुंपणाशी थांबतो. मग त्यालाच कोडं पडतं. शेजारच्या क्रुसावरच्या चोराला तर येशूने 'आजच तू माझ्याबरोबर नंदनवनात असशील' म्हटलं होतं, आणि चोराचा देह अजून तिथेच आहे. केरळातल्या सिरियन परंपरेच्या चर्चमध्ये एफ्रेमच्या नावाची गीतं आजही गातात, तेव्हा हा मजकूर वाटतो तितका लांबचा नाही.

रानजाई

चष्मिष्ट, यावर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देते. चोराचं कोडं त्याने कसं सोडवलं तेही लिहा.

ताकभात

विनंती टिकली! रानजाई, पुरणपोळी कुठे पाठवू? आणि कुंपणाबाहेरच्यांना चालते का ते एफ्रेमला विचारा.